१६५ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतला, आता प्रोसेसर कोणता घेऊ? (बजेट ४५ हजार, डिचोली)

डिचोलीकर_१६५

नमस्कार मंडळी. चवथीच्या ऑफरमध्ये १०८०पी, १६५ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतला. पण काउंटर-स्ट्राइक २ (सीएस२) मध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) १२०च्या पुढे सरकत नाही. स्मोक (धुराचे बॉम्ब) पडले आणि चार-पाच जण एकत्र आले की गचके बसतात ते वेगळेच.

मशीन असं आहे: आय५-९४००एफ, एच३१० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ २६६६, जीटीएक्स १६६० सुपर, साटा एसएसडी, ४५० वॉटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय (सहा वर्षं झाली).

जास्त करून सीएस२ आणि व्हॅलोरंट. रविवारी सायबरपंक, कधी सिटीज स्कायलाइन्स. ग्राफिक्स कार्ड पुढच्या चवथीला बदलेन, आता हात लावत नाही. प्रोसेसर, बोर्ड आणि लागलीच तर रॅम मिळून ४५ हजार. म्हापशाचा दुकानदार म्हणतो आय७च घे, चुलतभाऊ म्हणतो रायझन ५ ७६००. खोलीत एसी नाही, आणि पावसात लायटीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

---

मांडवीकाठ

पैसे काढण्याआधी एक संध्याकाळ मोजण्यात घाला. कोणता प्रोसेसर हे नंतर ठरेल, अडतंय कुठे ते आधी बघू.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर हे आकडे दाखवणारे प्रोग्रॅम बसवा. स्क्रीनच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रत्येक कोअरचा वेगवेगळा वापर, एफपीएस, १ टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस) आणि फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख दिसू द्या. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) बंद करा, गेममधली एफपीएसची मर्यादा काढा. मग एकाच नकाशावर बॉट्सबरोबर दहा मिनिटं १९२०×१०८० वर खेळा आणि तेवढाच वेळ १२८०×७२० वर. बाकी एकही सेटिंग हलवू नका.

रिझोल्यूशन उतरवलं की हलकं होतं ते कार्डाचं काम. खेळाडू कुठे आहेत, गोळी कुठे लागली, या फ्रेममध्ये काय काय काढायचं, हा प्रोसेसरचा हिशेब तेवढाच राहतो. ७२०पी वर एफपीएस उसळला तर अडथळा कार्डाचा. जागचा हलला नाही तर प्रोसेसर किंवा रॅम.

प्रोसेसरचा एकूण वापर ६० टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असं धरू नका. गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर धावतो. तो कोअर भरला की बाकीचे रिकामे असून उपयोग नाही. तुमच्या ९४००एफची अडचण उलटीही असू शकते. सहा कोअर आणि थ्रेडही सहाच (म्हणजे एका वेळी सहाच कामं), त्यामुळे गेमने सगळे व्यापले की डिस्कॉर्ड, ब्राउझर, अँटिव्हायरस यांना जागा मिळते ती गेमला ढकलूनच. तो धक्का तुम्हाला गचका म्हणून दिसतो.

१६५ एफपीएस म्हणजे एका फ्रेमला ६.०६ मिलिसेकंद. ६० एफपीएसला हीच मुदत १६.६७ होती. म्हणून जुन्या मॉनिटरवर ही दुखणी झाकलेली होती.

आणि एक. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर काय लिहिलंय?

---

भाटकार_बाब

दुकानदाराला विचारा, आय७ कितव्या पिढीचा? नुसतं आय७ म्हणणं म्हणजे 'मासे आणलेत' म्हणणं. बांगडा की विसवण, आणि आजचा की परवाचा, ते कोण सांगणार?

---

डिचोलीकर_१६५

मांडवीकाठ, मोजलं. सगळं लो सेटिंगवर.

सीएस२, १०८०पी: सरासरी ११८, १ टक्का लो ५२, कार्ड ५८ टक्के, सहाही कोअर ९०च्या वर.
सीएस२, ७२०पी: सरासरी १२०, १ टक्का लो ५३, कार्ड ३५ टक्के.
सायबरपंक, १०८०पी मिडियम: कार्ड ९८-९९ टक्के, प्रोसेसर ७० टक्क्यांच्या आसपास.

आणि 'स्लॉट्स यूज्ड' समोर २ पैकी १ लिहिलंय. म्हणजे १६ जीबीची एकच पट्टी. हे वाईट आहे का?

---

सत्तरीचा_सॉकेट

वाईट आहे, पण स्वस्तात सुटणारं वाईट. डीडीआर४ २६६६ ची एक पट्टी सेकंदाला २१.३ जीबी डेटा देते, दोन चॅनेलवर दोन पट्ट्या ४२.६. तुमचा प्रोसेसर अर्ध्या रुंदीच्या रस्त्यावर गाडी चालवतोय.

त्यात ९४००एफकडे एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) फक्त ९ एमबी. गेमिंगमध्ये हा आकडा कोअरच्या संख्येपेक्षा जास्त बोलतो, आणि दुकानात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. प्रत्येक फ्रेमला गेम शेकडो वस्तूंची माहिती चाळतो आणि ती मेमरीत इथे-तिथे विखुरलेली असते. कॅशमध्ये सापडली तर साधारण १० नॅनोसेकंदांत हाताशी, नाही सापडली तर रॅमपर्यंत जाऊन यायला ७० ते ९०. तेवढा वेळ कोअर नुसता बसून असतो. टास्क मॅनेजर मात्र त्यालाही 'काम चालू' म्हणूनच मोजतो!

आकडे शेजारी ठेवून बघा. ९४००एफ ९ एमबी, १२४००एफ १८, १४४००एफ २०, रायझन ५ ५६०० आणि ७६०० दोघांना ३२, आणि ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी यांना ९६. एक्स३डी चिप गेममध्ये पुढे का, याचं उत्तर याच शेवटच्या आकड्यात आहे. तिथे कॅशचा एक जादा थर उभा रचलेला असतो. इंटेल आणि एएमडीच्या कॅशची रचना वेगळी, त्यामुळे १८ विरुद्ध ३२ अशी सरळ त्रैराशिकं मांडू नका. पण एकाच कंपनीच्या चिप तोलताना हा आकडा आधी बघा.

नावांचा सापळाही इथेच आहे. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी ऐकायला सख्खे भाऊ, पण जी मध्ये कॅश १६ एमबी आणि कार्डासाठी पीसीआय एक्स्प्रेस ३.० (कार्ड जोडायच्या वाटेची जुनी, हळू पिढी). ५५००चंही तेच. एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) वर ८४००एफ नवा वाटतो, पण कॅश १६ एमबी आणि कार्डाला आठच लेन (डेटाच्या वाटा). ८५००जी मध्ये तर चारच. वेगळं कार्ड लावणार असाल तर ही मंडळी नकोत, स्वस्त दिसली तरी. इंटेलच्या नावातला एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी. एएमडीच्या ७६०० मध्ये जुजबी ग्राफिक्स आहे, कार्ड वॉरंटीत गेलं तर तेवढ्यावर अभ्यास चालतो.

आता करायचं काय: आधी १६ जीबी डीडीआर४ २६६६ची आणखी एक पट्टी घ्या. जुनी मिळाली तरी चालेल, ब्रँड वेगळा असला तरी २६६६ वर सहसा कुरकुर होत नाही. एच३१०ला दोनच स्लॉट आणि ३२ जीबीची मर्यादा, म्हणजे बोर्ड भरून जाईल. लावल्यावर सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये मेमरीच्या पानावर 'ड्युअल' दिसतंय का ते बघा आणि तीच चाचणी परत करा.

---

फोंडा_फ्रेम्स

पट्टीचं पटलं. पण शेवटी प्रोसेसर घेणारच असतील तर एएम५ वर जावं. ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ ६००० सीएल३० (वेग ६०००, विलंब ३०) च्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या. उद्या त्याच बोर्डावर ९८००एक्स३डी बसतो. एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देत राहू असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. एलजीए१७०० (इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचा) हा संपलेला सॉकेट. तिथे वरती चढायचं म्हटलं तर १३व्या-१४व्या पिढीचे मोठे इंटेल, आणि त्यांचं जादा व्होल्टेजने चिप झिजण्याचं रामायण सगळ्यांना माहीत आहे.

---

सत्तरीचा_सॉकेट

@फोंडा_फ्रेम्स, नवं मशीन शून्यातून जोडायचं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. इथे दोन गोष्टी आड येतात.

एक, २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत आणि डीडीआर५ चे जास्तच. त्या ३२ जीबीतच बजेटचा मोठा लचका जाईल, आणि घरात असलेली डीडीआर४ एएम५ वर चालत नाही.

दुसरं, सॉकेटचं आयुष्य त्याच्या कामाचं जो दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलतो. ९४००एफ २०१९ चा. आपले डिचोलीकर प्रोसेसर एकदा घेतात आणि झिजवून मगच सोडतात. त्यांना पुढच्या वेळी बोर्डही बदलावाच लागणार.

म्हणून १२४००एफ आणि बी६६० किंवा बी७६० बोर्ड. पण डीडीआर४ वाला! एकाच नावाचे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, खोक्यावर 'डी४' किंवा 'डीडीआर४' वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, पट्टीची खाच जुळणार नाही. १२व्या पिढीला त्या व्होल्टेजच्या भानगडीची बाधा नाही. ती १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या चिपांची. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) देऊन ती थोपवली, पण आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही. जुन्यात १३७००के किंवा १४७००के कोणी स्वस्तात देऊ लागला तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

एएम४ (एएमडीचा जुना सॉकेट) वर रायझन ५ ५६०० हाही रास्त पर्याय, मात्र त्याला ३२०० ते ३६०० ची रॅम मानवते. २६६६ वर त्याचा आतला फॅब्रिकही (चिपचे भाग जोडणारा रस्ता) हळू चालतो. १२४००एफ हळू रॅम जास्त सोसतो.

आणि एच३१० वरच जुना ९७०० किंवा ९९०० बसवा असा सल्ला कोणी देईलच. नको. त्या बोर्डांचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) बारीक, बहुतेकांवर हीटसिंकही नसतो. आठ कोअरचा भार पडला की तापून वेग उतरवतात.

---

खारावारा_मोरजी

एसी नाही म्हणालात म्हणून लिहितो. प्रोसेसर जेवढे वॉट ओढतो तेवढी उष्णता खोलीतच येते, कूलर कितीही भारी लावा. ७६००ची वरची मर्यादा ८८ वॉट, १२४००एफची ११७. १४७००केची २५३. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असताना हा फरक अंगाला घाम येण्याइतका खरा असतो. त्यातून गेम खेळताना १२४००एफ ११७ पर्यंत जातही नाही. सोबत येणारा कूलर पुरतो, आवाजाचा त्रास वाटला तर चार हीटपाइपवाला साधा टॉवर कूलर बसवा. पाण्याच्या कूलरच्या वाटेला जाऊ नका.

पॉवर सप्लायचा हिशेब: प्रोसेसर ११७, १६६० सुपर १२५, बाकी सगळं मिळून ५०. तीनशेच्या आत. ४५० वॉट पुरतो. पण वय सहा वर्षं आणि हवा आपली. पंख्याच्या जाळीतून आत बघा, कॅपॅसिटरची टोपी फुगलेली किंवा तपकिरी चिकटा दिसला तर तो बदलायचाच. दिसलं नाही तरी पुढच्या वर्षी कार्डाबरोबर ५५०चा घ्या. आरटीएक्स ५०६०ला कंपनीचीच शिफारस ५५० आहे. झाकण काढून आत बोट घालू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये धक्का शिल्लक असतो.

लायट गेल्यावर: घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (वीज ओढणं सुधारणारं सर्किट असलेले) पॉवर सप्लाय त्यावर घुरघुरतात किंवा थेट बंद पडतात. प्युअर साइन वेव्ह हवा आणि मागचं बटण 'यूपीएस' मोडवर. पूर्ण लोडला पॉवर सप्लाय जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागला की मशीन रीस्टार्ट. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए म्हणजे बहुधा ३६० वॉटच, मॉनिटर धरून तो काठावर येतो. १००० ते ११०० व्हीए घ्या.

अर्थिंग तपासून घ्या. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग प्रोसेसर.

पावसाळ्यात मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नका. रोज अर्धा तास चालू राहिलं तर आतली ओल उडते. रॅमच्या पट्ट्या काढाल तेव्हा सोनेरी टोकं खोडरबराने घासू नका, चुरा स्लॉटमध्ये जातो आणि मुलामाही झिजतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं.

---

डिचोलीकर_१६५

दुसरी पट्टी लावली, सीपीयू-झेड ड्युअल दाखवतोय. सीएस२, १०८०पी: सरासरी ११८ वरून १३९, १ टक्का लो ५२ वरून ७४. गचके खूपच कमी झाले. पण सहाही कोअर अजून भरलेलेच.

१२४००एफ आणि बी७६० डीडीआर४ असं ठरवतोय. दोन शंका. विंडोज परत टाकावं लागेल का? आणि प्रोसेसर एका ठिकाणी 'ट्रे' म्हणून स्वस्त मिळतोय, घेऊ का?

---

मांडवीकाठ

सहाचे बारा थ्रेड झाले की सीएस२ मधले उरलेले गचकेही बरेचसे जातील. सायबरपंकमध्ये मात्र फार काही बदलणार नाही, तिथे तुमचं कार्डच ९९ टक्क्यांवर आहे. प्रोसेसर बदलल्यावर तिथला आकडा बघून हळहळू नका.

विंडोज: इंटेलवरून इंटेलवर जाताय, जुनं इन्स्टॉलेशन सहसा उठतं. तरी एवढा बदल झाल्यावर नव्याने टाकलेलं बरं. त्याआधी दोन कामं. विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा, कारण ते बोर्डाशी बांधलेलं असतं (मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स नव्या बोर्डावर जात नाही). आणि बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या दोन सोयी) मागतो. नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेल पीटीटी (हेच टीपीएम) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद. जुनी डिस्क एमबीआर (जुन्या मांडणीची) असेल तर सीएसएम बंद केल्यावर ती बूटच होणार नाही. नव्याने टाकताना डिस्क जीपीटी (नवी मांडणी) करा, म्हणजे हा घोळच नको. तिथेच असताना एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) आणि रिसायझेबल बारही (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम दिसू देणारं) बघून घ्या. १६६० सुपरला रिसायझेबल बारचा उपयोग नाही, पुढच्या कार्डाला होईल.

बायोस अपडेट यूपीएसवरच, आणि आभाळ गडगडत असेल तर त्या दिवशी नाहीच. मध्येच लायट गेली आणि बोर्डाला फ्लॅशबॅकचं (बिघडलेला बायोस परत टाकायचं) बटण नसेल, तर तो बोर्ड दुरुस्तीला पाठवण्यावाचून इलाज राहत नाही.

ट्रे म्हणजे कारखान्यात मशीन जोडणाऱ्यांसाठी आलेला सुटा माल. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी थेट मिळते, ट्रेवाल्याला विक्रेता देईल तेवढीच. कूलरही येत नाही. फरक दीड-दोन हजारांचा असेल तर खोकंच घ्या. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि चिपच्या पत्र्यावरचा नंबर खोक्याशी जुळवा. जत्रेत खाजं घेताना दोन दाणे चाखून बघतो, तेवढी तरी चौकशी इथे हवी.

---

सत्तरीचा_सॉकेट

जोडताना एवढं सांभाळा. एलजीए१७०० मध्ये पिना बोर्डावर असतात, चिपवर नाही. चिप हातातून सुटून त्यावर पडली की बोर्ड गेला, आणि वाकलेल्या पिनांना वॉरंटी नाही. चिपवरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, सरळ खाली ठेवा, सरकवू नका. दांडा दाबताना जोर लागतो, करकर आवाजही येतो, ते ठीक आहे. काळी प्लास्टिकची टोपी आपोआप सुटते. ती जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ती नसेल तर परत पाठवतात.

सोबतच्या कूलरला पेस्ट लावलेलीच असते, वरून आणखी घालू नका. चार पिनांचे खटके समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबा, आधी दोन तिरपे, मग उरलेले दोन. बाणाच्या दिशेने फिरवलं की पिन सुटते, त्यामुळे दाबायच्या आधी चारही उलट फिरवून घ्या. मग बोर्ड उलटा करून बघा: चारही पांढऱ्या पिनांच्या फाका पूर्ण बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिली तर गेम उघडताच तापमान ९० च्या पुढे पळतं आणि लोक प्रोसेसरला दोष देतात.

बोर्डाला चार स्लॉट असतील तर पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

---

डिचोलीकर_१६५

खोकं मागवलं, बोर्डावर 'डी४' वाचूनच. पंख्याची वायर कुठल्याही फॅन पिनवर चालेल ना?

---

सत्तरीचा_सॉकेट

नाही. 'सीपीयू_फॅन' लिहिलेल्या चार पिनांवरच. दुसरीकडे लावली तर बहुतेक बोर्ड सुरू होतानाच पंखा नाही म्हणून अडून बसतात.